मुलीची ज्युदो स्पर्धा आणि जन्मदाखल्यातला रिकामा रकाना

माझी मुलगी कॅडेट गटात, ४४ किलोखालील वजनगटात ज्युदो खेळते. तिच्या पहिल्या परदेशी स्पर्धेच्या तयारीत पासपोर्ट आणि व्हिसा विनासायास मिळाले. अडले ते जन्मदाखल्यापाशी, आणि त्याचा संताप अजून ओसरलेला नाही.

आपल्याकडे बारसे बाराव्या दिवशी किंवा त्याही नंतर होते, पण रुग्णालय जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत, बहुधा बारशाआधीच, कळवून टाकते. त्यामुळे तिच्या दाखल्यात बाकी सारे बिनचूक असूनही बाळाच्या नावापुढे नुसती आडवी रेघ होती. कॅडेट गटात त्या वर्षी १५, १६ किंवा १७ वर्षे पूर्ण करणारी मुलेच खेळतात, म्हणून वयाचा पुरावा काटेकोरपणे तपासणे मला मान्यच आहे. नाव समाविष्ट करण्याची तरतूदही आहे, मात्र ती नोंदणीपासून १५ वर्षांपर्यंतच, आणि आमची मुदत संपत आली होती.

जन्म-मृत्यू नोंदणी विभागात मी अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि शाळेचे बोनाफाईड दिले, तर खिडकीवरच्या लिपिकाने शाळा सोडल्याचा दाखला मागितला. नववीत शिकणाऱ्या मुलीला तो कोणती शाळा देणार? हे सांगितले की साहेब जागेवर नसत, आणि साहेब भेटले की जुने रजिस्टर स्कॅनिंगला गेलेले असे. मुलगी सरावावरून थेट तिथे येई. पकडीने सोलवटलेल्या बोटांना पांढरी चिकटपट्टी, खांद्यावर ज्युदोगीची (ज्युदोच्या गणवेशाची) पिशवी, आणि वजन राखायचे म्हणून डबा न उघडता ती बाकावर बसून राही. तिने मेहनतीत कसूर ठेवली नव्हती, आणि तिची जागा एका रेघेपायी जाणार होती.

शेवटी मुख्याध्यापकांकडून शाळेच्या जनरल रजिस्टरचा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदवहीचा, उतारा घेतला, तो जोडून निबंधकांच्या नावे नवा अर्ज केला, ‘नकार असल्यास कारणासह लेखी कळवावा’ असे त्यात स्पष्ट लिहिले आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतली. त्यानंतर रजिस्टरही सापडले आणि नावही चढले. तोंडी विनवण्यांत दिवस घालवू नका. पहिल्याच भेटीत पोच घ्या.

२०२२ मध्ये मणिपूरच्या लिन्थोई चानंबमने सारायेव्होत ५७ किलो गटात जागतिक कॅडेट सुवर्णपदक जिंकले, तेव्हा ज्युदोच्या कोणत्याही वयोगटातले भारताचे ते पहिले जागतिक पदक होते. या वयातली एकेक स्पर्धा किती मोलाची असते, हे खिडकीपलीकडच्यांनी जाणायला हवे.

आणखी एक गोष्ट आठवली. पांढरी आणि निळी अशा दोन्ही मान्यताप्राप्त ज्युदोगी लागतात, लढतीपूर्वी बाह्यांची लांबी-रुंदी मोजली जाते, आणि वाढत्या वयात हात भराभर लांबतात, म्हणून माप शेवटच्या महिन्यातच घ्या. मुलाला १५ वर्षे पूर्ण झाली असतील, तर पासपोर्ट १० वर्षांचाच मागा.