लॉगबुकातल्या अकरा केसेस

लहान मुलांचे डोळे तपासण्याचं प्रशिक्षण पूर्ण होऊन आता वर्ष होत आलं, तरी लॉगबुक परत आलं त्या दिवसाचा राग गेलेला नाही. माझ्यासारखी आधी मोठ्यांचीच तपासणी केलेली कोणी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारी, यात उतरणार असेल तर तिला हे आधी माहीत असावं.

व्याख्यानं, चाचण्या सुरळीत झाल्या. तोंडी परीक्षेत आळशी डोळ्यासाठी चांगल्या डोळ्यावर पट्टी किती तास लावायची ते विचारलं. मध्यम आळशीपणा असेल तर रोज 2 तासांच्या पट्टीने 6 तासांइतकाच फरक पडतो, हे अमेरिकेतल्या पीडिग या मुलांच्या डोळ्यांवर संशोधन करणाऱ्या गटाने 2003 मध्ये दाखवलं होतं. ते नीट वाचलेलं होतं, सांगितलं, सुटले.

अडलं ते लॉगबुकात. 3 वर्षांखालच्या 40 मुलांची रेटिनोस्कोपी, म्हणजे डोळ्यात उजेड टाकून बाहुलीत तो कसा सरकतो त्यावरून नंबर काढणं, स्वतः करायची, पर्यवेक्षकांनी पडताळून सही करायची. एका मुलाला एक ओळ: उजवा डोळा, डावा डोळा, तारीख, सही. मी चाळीसच्या चाळीस भरून दिल्या. तीन आठवड्यांनी वही परत आली. 11 ओळींवर लाल रेघ आणि पुढे एकच शब्द, ‘अपूर्ण’.

त्यातली एक ओळ चौदा महिन्यांच्या मुलीची होती. फोटोत तिचा डावा डोळा आत वळलेला दिसतो म्हणून आई घेऊन आली होती. सायक्लोपेन्टोलेटचे, म्हणजे बाहुली मोठी करणारे, थेंब घातले, पाच मिनिटांनी पुन्हा घातले आणि अर्धा तास थांबलो. थेंब झोंबतात, त्यामुळे ती आधीच रडून दमलेली. त्यात भूक आणि झोप. उजवा डोळा पटकन मिळाला, +1.50. डाव्यासमोर भिंगांची पट्टी वर सरकवत गेले, +6 चं भिंग धरलं तरी बाहुलीतला उजेड माझ्या उजेडाच्याच दिशेने सरकत होता, म्हणजे नंबर अजून वर होता. तेवढ्यात तिने डोळे घट्ट मिटले आणि आईच्या खांद्यात तोंड खुपसलं. मागून पर्यवेक्षक सर म्हणाले, “थांबा. आज एवढंच.”

आईचा चेहरा उतरला. “मॅडम, आमच्यामुळे राहिलं का?” मी म्हटलं, “नाही हो ताई, परवा सकाळी तिची झोप झाल्यावर आणा, पुन्हा थेंब घालू.” परवा ती खेळत आली, मिनिटभर उजेडाकडे बघत राहिली. तपासणीच्या अंतराचा दीड वजा करून डावा डोळा +5.00. दोन डोळ्यांत साडेतीनचा फरक, तोही बोलता न येणाऱ्या मुलीत. त्या वहीतली ही माझी सगळ्यात चांगली केस होती, आणि तारखा दोन आहेत म्हणून तीच खोडलेली.

प्रशिक्षण देणाऱ्यांना चार वेळा फोन केला. प्रत्येक वेळी उत्तर एकच, “आमच्याकडे तसा रकाना नाही.” अहो, मूल रडलं की थांबायचं आणि पुन्हा बोलवायचं, हे तुम्हीच पहिल्या आठवड्यात शिकवलंत! आणि दोन्ही डोळे एकाच तारखेला हवेत हे सूचनांमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं. शेवटी प्रत्येक केसच्या दोन्ही भेटींचे कागद जोडले, सरांचं पत्र लावलं आणि स्वतः जाऊन दिले. 7 मान्य झाल्या. उरलेल्या 4 मध्ये सही त्याच दिवशी घेतली नव्हती, ती माझी चूक. त्या पुन्हा करण्यात दोन महिने गेले, कारण एवढी लहान मुलं रोज येत नाहीत.

तेव्हा सही त्याच दिवशी घ्या, सर ऑपरेशनला गेले असतील तर बाहेर थांबून घ्या. भेट अर्धवट राहिली तरी ओळ लिहा, दुसऱ्या भेटीची तारीख शेजारीच टाका.

अंतराचंही सांगायचं राहिलं. मूल मागे-पुढे होतं आणि नकळत आपणही पुढे सरकतो. 67 सेंटिमीटर धरून मिळालेल्या नंबरातून दीड वजा करायचा आणि प्रत्यक्षात 50 वर पोहोचलेलं असायचं, की अर्धा नंबर तिथेच चुकला. मी रेटिनोस्कोपला मापाची दोरी बांधली होती. थेंबांनी बाहुली मोठी झाली की कडेचा उजेड फसवतो, फक्त मधला भाग बघा.

आणि थेंब घालण्याची घाई करू नका. दोन्ही डोळ्यांनी मिळून खोली कळते का, ती त्रिमितीची चाचणी सगळ्यात आधी, मग डोळा झाकून तिरळेपणा, मग थेंब. झाकायला काळी पट्टी आणली की मुलं बिथरतात, आपला अंगठा चालतो. बाहुलीत पांढरी झाक दिसली तर मात्र पुढच्या भेटीवर काहीही ढकलायचं नाही, मूल त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे गेलं पाहिजे. तो रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्यातला कर्करोग, असू शकतो.

ती मुलगी आता चष्मा लावते. पहिले काही दिवस ओढून काढायची, आता सकाळी उठल्यावर स्वतःच मागते असं आई सांगते. माझ्या तपासणीच्या कागदावर मी एक रकाना वाढवला आहे, ‘आज काय राहिलं’. तो जवळजवळ रोज भरतो.