कापूस विकला आणि बेस गेला

परभणीत माझं अँप्लिफायर (अँप) आणि स्पीकर रिपेरिंगचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. फेब्रुवारीत मानवतजवळच्या एका गावातून गुरुजींचा फोन आला. रिटायर शिक्षक, मी काही त्यांच्या हाताखाली शिकलो नाही पण सगळे गुरुजीच म्हणतात म्हणून मीबी म्हणतो. म्हणले, बापू, तू मागच्या पंधरवड्यात कपॅसिटर बदलून गेलास, पण बेस, म्हणजे खालचा भरदार आवाज, काही येईना गेलाय, तबल्याचा डग्गा नुसता टपटप वाजतो. मला लई वाईट वाटलं, कारण त्या कामाचे पैसे मी घेतले होते आणि खरं सांगायचं तर तेव्हा बिघाड नक्की कुठं आहे हे न बघताच जुने कपॅसिटर दिसले म्हणून बदलून टाकले होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी काढली.

जुना जपानी अँप, आठ इंची वूफरचे, म्हणजे बेस काढणाऱ्या मोठ्या स्पीकरचे, दोन लाकडी बॉक्स. बेस गेला म्हणलं की आमच्या धंद्यात पहिल्यांदा वायर बघायची, एका स्पीकरचं प्लस-मायनस उलटं लागलं तर एकाचा कोन, म्हणजे स्पीकरचा पुढचा हलणारा पडदा, बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो आणि दोघं मिळून बेस खाऊन टाकतात. दीड व्होल्टचा सेल वायरीच्या टोकांना लावला, दोन्ही कोन बाहेर आले, म्हणजे बरोबर. वूफरचा कोन हाताने दाबून बघितला, आतली तारेची कॉइल कुठं घासत नव्हती. अँपचे दोन्ही चॅनल सारखे. सगळं ठणठणीत. तेवढ्यात आतून काकू म्हणल्या, बेस नाही कसा, माझ्या फळीवरच्या ताटल्या वाजायल्यात की.

तिथं मी थांबलो. भिंतीपलीकडं ताटल्या वाजतात आणि खुर्चीत बसलेल्या माणसाला ऐकू येत नाही, म्हणजे बेस मशीनमधून निघतोय, खुर्चीपर्यंत पोचत नाही.

गुरुजींना विचारलं, नेमकं कधीपासून? म्हणले, कापूस विकला त्या दिवसापासून, हमालांनी गठुडी काढताना बॉक्सला धक्का बसला असणार. मी म्हणलं कापूस कुठं होता? याच खोलीत! दिवाळीनंतर भाव वाढंल म्हणून सगळा कापूस मागच्या भिंतीला छातीच्या वर ढीग लावून ठेवलेला, अर्धी खोली भरलेली, आणि गुरुजी पुढच्या अर्ध्यात खुर्ची टाकून गाणं ऐकायचे. जानेवारीत टेम्पो भरून गेला, खोली झाडली, खुर्ची छान मधोमध ठेवली.

टेप काढला. बारा फूट बाय बारा फूट, वर स्लॅब, सिमेंटचा प्लास्टर, खाली फरशी. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर, जाऊन-येऊन ७.३ मीटर, ३४५ ला त्यानं भागलं की ४७, म्हणजे ४७ हर्ट्झच्या (सेकंदाला ४७ कंपनांच्या) आसपासचा सूर या खोलीत दोन भिंतींमधे बरोबर बसतो आणि तिथंच डोलत राहतो. बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची असते, त्यावरून अंदाज येईल किती खालचा सूर आहे हा. गुरुजींना मी हौदाचं उदाहरण दिलं. हौदातलं पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला हेलकावलं तर दोन्ही काठांना पाणी वर-खाली होतं पण बरोबर मधोमध पातळी आहे तिथंच राहते. तुमची खुर्ची त्या मधोमध आहे गुरुजी.

त्यांना पटंना. मग मोबाईल अँपला जोडून ४७ चा नुसता एक सूर लावला आणि म्हणलं चाला. मागच्या भिंतीला टेकले तर छातीत घरघर, दोन पावलं पुढं आले तर कमी, खुर्चीजवळ आले आणि आवाज जवळजवळ गायब. परत मागं गेले, परत पुढं आले, सात-आठ वेळा. काकूंना हाक मारून त्यांनाबी चालायला लावलं. पंच्याहत्तरीचा माणूस, पण त्या वेळचा त्यांचा चेहरा मी विसरणार नाही.

आता कापसाचं. भिंतीवर अंड्याचे ट्रे चिकटवतात ना, त्यानं तिखट आवाज थोडा मवाळ होतो, बेसला काही फरक पडत नाही, कारण मऊ वस्तूनं बेस पुरता शोषायचा तर ती साधारण लाटेच्या पाव लांबीएवढी खोल पाहिजे. ४७ हर्ट्झची लाट ७.३ मीटर, तिचा पाव भाग सहा फूट. कापसाचा ढीगबी सहाएक फूट खोल होता! शिवाय ढिगामुळं खुर्ची आपोआप मधोमधपासून पुढं सरकलेली. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी गेल्या आणि आम्ही दोघं मशीन उघडत बसलो.

गुरुजी म्हणले जुन्या घरात ओसरीवर हाच सेट कसा वाजायचा मग. ओसरीला तीन भिंती, चौथी बाजू अंगणाला उघडी, तिकडून बेस निघून जायचा, परत फिरायला भिंतच नव्हती. उघड्या बाजूइतकं चांगलं शोषण कशातच नाही.

खुर्ची मागच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर आणली. डग्गा आला, पण घुमायला लागला, ठोका संपला तरी मागं शेपूट रेंगाळायचं. खुर्ची हलवून सूर कमी-जास्त होतो, रेंगाळणं जात नाही. शेतातल्या फरदडीची, म्हणजे हंगामानंतर राखलेल्या कपाशीच्या कापसाची, चार गठुडी पडवीत होती, दोन-दोन करून मागच्या दोन्ही कोपऱ्यांत स्लॅबकडं उभी रचली, कारण कोपऱ्यात या सुरांचा दाब सगळ्यात जास्त असतो. बोर्ड आणि वायरी मात्र लांब ठेवल्या, कापसाला ठिणगी नको. सहा फुटांच्या ढिगाएवढं होणारच नाही, तरी शेपूट बरंच आखडलं.

कपॅसिटरचे पैसे मी काढून टेबलावर ठेवले, गुरुजी घेईनात, शेवटी काकूंच्या हातात दिले. निघताना ते खडूनं फरशीवर खुर्चीच्या चार पायांच्या खुणा करत होते आणि काकूंना सांगत होते की झाडताना सरकवली तर परत इथंच ठेवायची.