सदतिसावा फोटो

जुना कॅमेरा घ्यायला जाताना सोबत कुणाला न्यावं, याबद्दल माझं मत आता पक्कं झालंय. फोटोग्राफीतलं कळणारा मित्र नको. तो स्वतःला हवा असलेला कॅमेरा आपल्या पैशांनी घ्यायला लावतो. सासूबाईंना न्यावं. निदान माझ्या तरी.

मला रोलचा कॅमेरा हवा होता. का, ते घरात कुणालाच धड पटवून देता आलं नाही. नवरा म्हणाला, "तुझ्या फोनमध्ये चौदा हजार फोटो आहेत. त्यातले किती परत उघडून बघितलेस?" मी म्हटलं, "म्हणूनच." यावर तो गप्प बसला, पण पटून नव्हे. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "नवा नाही का मिळत?" म्हटलं, मला हवा तसला आता कुणी बनवत नाही. "मग जुन्या बाजारात असेल," त्या म्हणाल्या आणि पिशवी काढली.

मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. रविवारी सकाळी गेलो. पितळी समया, नळाच्या तोट्या, मोबाइलचे चार्जर, एकेकटे डंबेल्स, शिलाई मशीनची चाकं आणि त्या सगळ्यात एका मेणकापडावर एक झेनिट. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातला, सोव्हिएत काळचा. हातात घेतला तर वरवंटा उचलल्यासारखं वाटलं. याच्या कपाळावर उजेड मोजायचा सेलेनियमचा मीटर असतो. त्याला बॅटरी लागत नाही, उजेडावरच त्याची सुई हलते. पण सेलेनियम म्हातारं झालं की थकतं, हे मी वाचून गेले होते. वाचलेलं वापरायची संधी मिळाल्याच्या आनंदात मी मीटरवर हात धरला, मग काढला. परत धरला. सुई ढिम्म.

"ताई, ती शोची असते," विक्रेता म्हणाला.

तोवर सासूबाईंनी कॅमेऱ्याचं कातडी कव्हर नाकाला लावलं होतं. "हा पावसाळ्यात माळ्यावर होता," त्या म्हणाल्या. "आणि एक पावसाळा नाही."

मी फोनची बॅटरी लावून लेन्समध्ये बघितलं. आत, काचेच्या मागे, कोळिष्टकासारखे पांढरे बारीक धागे. बुरशी. लेन्सला ती लागली की काचेवरचा लेप खाते. नंतर कुणी उघडून पुसली तरी तिने खाल्लेला भाग परत येत नाही. लोणच्याला बुरा आला तर वरचा थर काढून "खाली चांगलंय" म्हणणारी माणसं असतात. सासूबाई त्यांतल्या नव्हेत. अडीच हजारांवरून बाराशेपर्यंत उतरलेला आवाज मागे ठेवून आम्ही चालू लागलो.

मग कुणीतरी सांगितलं म्हणून बुधवार पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. लाकडी जिना, वर एकच खोली, खिडकीपाशी टेबल, टेबलावर बाटल्यांची झाकणं आणि प्रत्येक झाकणात एका कॅमेऱ्याचे स्क्रू. काकांच्या डोळ्याला घड्याळजीचं भिंग होतं, ते काढायला ते विसरले, त्यामुळे पहिली पाच मिनिटं ते आमच्याशी एकाच डोळ्याने बोलले. एके काळी लग्नाच्या सीझनला स्टुडिओवाल्यांचे कॅमेरे यायचे, रात्रभर बसावं लागे, म्हणाले. आता माझ्यासारखे येतात. 'माझ्यासारखे' म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

त्यांनी तीन कॅमेरे काढले. निकॉन एफएम२ची किंमत ऐकूनच मी तो हातात घेतला नाही. दुसरा कॅनन एई-१. देखणा, पण बॅटरी नसली तर खटकाच पडत नाही, आणि काकांनी बॅटरी घालून खटका दाबला तेव्हा आतून एक कुईं असा आवाज आला. आतलं वंगण वाळलं की या मॉडेलला हा आवाज हमखास लागतो. तेल घातलं की जातो, काका म्हणाले.

"नको," सासूबाई म्हणाल्या. "खोकला आहे तिला."

तिसरा पेंटॅक्स के १०००. हा १९७६ साली निघाला आणि १९९७ पर्यंत निघत राहिला. २१ वर्षं, जवळजवळ जसाच्या तसा. यात सेल्फ टायमर नाही, ऑटो म्हणावं असं काही नाही. शर्टाच्या बटणाएवढी एक बॅटरी लागते, तीही फक्त मीटरची सुई हलवायला. ती संपली तरी बाकी सगळं चालू. फक्त या मीटरला बंद करायचं बटण नाही. लेन्सवर झाकण ठेवलं की तो झोपतो. सासूबाईंना हे फार आवडलं. घरात त्या आमच्या मागे फिरून दिवे बंद करतात.

काकांनी पाठ उघडली, लेन्स उतरवली, कॅमेरा खिडकीकडे धरला आणि शटर १००० वर, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागावर, ठेवून खटका दाबला. उजेडाची एक टिकली दिसली न दिसली. शटरचा पडदा कापडाचा असतो, त्याला भोक पडलेलं असेल तर इथेच चमकतं. नव्हतं. मग त्यांनी चकती एक सेकंदावर आणली. हा खरा कस, म्हणाले, जुने कॅमेरे वरच्या वेगाला पास होतात आणि खालच्याला अडकतात. खटका दाबला. खटक्... सुर्र्र... टक्. सासूबाई मान कलती करून ऐकत होत्या.

"परत करा," त्या म्हणाल्या. काकांनी परत केलं. "शेवटी जड जातोय."

काका चमकले. खरंच सेकंदाच्या शेवटाला ती सुर्र किंचित रेंगाळत होती, आणि ते मला चौथ्यांदा ऐकल्यावर कळलं. "मशीनला चुकून खोबरेल घातलं की असंच होतं," सासूबाईंनी मला समजावलं. "पहिल्या दिवशी छान पळतं. मग बसतं." त्यांची पायांची शिलाई मशीन पन्नास वर्षं चालू आहे, तिच्या जवळपास खोबरेल तेलाची बाटली ठेवायलाही बंदी आहे. काकांनी निमूटपणे ते साफ करून द्यायचं कबूल केलं.

राहिला फोम. पाठीच्या कडेने, जिथून उजेड आत शिरू शकतो तिथे, या कॅमेऱ्यांना काळा फोम लावलेला असतो, आणि इतक्या वर्षांत त्याचं डांबर होतं. बोट लावलं तर बोटाला येतं. काका म्हणाले, नवीन फोम मागवावा लागेल, आठवडा जाईल. सासूबाईंनी ती खाच बोटाने मापली. "यात काळी लोकर नाही चालणार?"

काका हसले. पुष्कळ जण खाचेत लोकरच भरतात, म्हणाले, उलट ती चिकट होत नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी नातवाच्या स्वेटरमधली उरलेली लोकर पाठवून दिली. त्याआधी किमतीचं झालं. काकांनी अकरा हजार सांगितले. मी दहावर यायच्या बेतात होते, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "आणि लोकर आमची?" साडेनऊला सौदा झाला.

निघताना काकांनी रोल कसा भरायचा ते दाखवलं. आणि इथे मला कबूल केलं पाहिजे की मी ते बघत नव्हते. एक जुना, वाया गेलेला रोल घालून ते दाखवत होते, रोलची जीभ या खाचेत, कडेची भोकं या दात्यांवर, आणि मी त्यांच्या हातातून कॅमेरा कधी सुटतो याची वाट बघत होते. सुटला. डोळ्याला लावला. खिडकीबाहेर समोरच्या पत्र्यावर एक मांजर बसलं होतं. व्ह्यूफाइंडरच्या मधोमध एक छोटा गोल असतो, फोकस नसला की त्या गोलातलं चित्र साखर पेरल्यासारखं दाणेदार दिसतं. लेन्सची कडी फिरवत गेलं की दाणे विरघळत जातात. मांजराचा कान विरघळला, मग मिशा आल्या, एकेक. तेवढ्यात ते माझ्याकडे बघू लागलं. काका काहीतरी म्हणत होते, "रोल पुढे सरकवायची लिव्हर ओढताना हे डावीकडचं बटण फिरतंय का, तेवढं बघत जा." मी "हो हो" म्हटलं. मिशा जाऊ द्यायच्या नव्हत्या.

रोल साडेनऊशेला पडला, कोडॅक गोल्ड, २००चा. धुऊन स्कॅन करायचे साडेचारशे. चौदाशे भागिले छत्तीस. एका फोटोला एकोणचाळीस रुपये.

हा हिशोब घरात मोठ्याने करायला नको होता. त्या दिवसापासून मी कॅमेरा कुणावरही रोखला की सासूबाई म्हणायच्या, "जरा एकोणचाळीस रुपयांचं तोंड कर." नातू तर कॅमेरा दिसला की पळून जाऊ लागला. मीही कंजूष झाले. मंडईच्या त्या अष्टकोनी इमारतीसमोर मी अर्धा तास उभी होते, लिंबं विकणाऱ्या बाईंच्या हाताला ऊन लागण्याची वाट बघत. ऊन लागलं तेव्हा बाईंची लिंबं संपली होती. एकही फोटो न काढता परत आले, आणि एकोणचाळीस रुपये वाचल्याचं समाधान वाटलं, हे त्याहून वाईट. काकांनी एक सोपा नियम दिला होता: कडक उन्हात लेन्सचं छिद्र १६ वर आणि शटर रोलच्या नंबराच्या आसपास. २०० चा रोल, तर शटर २५० वर. एप्रिलात पुण्यात एवढं येत असलं तरी माणूस फोटोग्राफर होतो.

संध्याकाळी गॅलरीत बसून सासूबाई जुन्या रोलच्या गोष्टी सांगायच्या. उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स म्हणून सरकारी कंपनी होती, १९६० साली स्थापन झालेली. ती 'इंदू' नावाचे रोल काढायची. इंदू म्हणजे चंद्र. काळ्या-पांढऱ्या रोलला हे नाव सुचवणारा सरकारी माणूस कोण होता, त्याला भेटायला हवं होतं. सासूबाईंच्या लग्नात मात्र कुठला रोल होता ते त्यांना आठवत नाही, एकच होता एवढं आठवतं. छत्तीस फोटो, त्यातले चार जळाले. कुणीतरी पाठ उघडली होती. त्या चारांत कमूमावशी होत्या. कमूमावशींचा लग्नातला दुसरा फोटो नाही, आणि म्हणून त्या लग्नाला आल्याच नव्हत्या, असं माझ्या आत्तेसासूबाई आजही ठासून सांगतात. "पहिल्या पंगतीला वाढत होती ती," सासूबाई म्हणतात. "श्रीखंड." पण पुरावा नाही.

असे सहा आठवडे गेले. आकडा छत्तीसवर आला. लिव्हर ओढली तर ओढली गेली. सदतिसावा! जुन्या रोलमध्ये एखादा जास्तीचा निघायचा, हे मला लहानपणापासून माहीत होतं. आमच्याकडे त्या सदतिसाव्या फोटोवरून भांडणं व्हायची. मी सासूबाईंना गॅलरीत उभं करून तो काढला. परत ओढली. अडतिसावा! तोही काढला. दोन फोटो फुकट. अठ्ठ्याहत्तर रुपये. मी नवऱ्याला ऑफिसात फोन करून सांगितलं.

एकोणचाळिसावासुद्धा निघाला तेव्हा खरं तर शंका यायला हवी होती.

रोल धुवायला टाकला. चार दिवसांनी लॅबमधल्या मुलाने निगेटिव्हची गुंडाळी उजेडाच्या पेटीवर सोडून दाखवली. फिकट नारिंगी, स्वच्छ, काचेसारखी पट्टी. कडेला कंपनीने छापलेले आकडे सगळे जागेवर होते, एकपासून छत्तीसपर्यंत, बारीक टापटीप अक्षरात. आणि प्रत्येक आकड्याच्या वर काहीही नव्हतं. रोलची जीभ पहिल्याच दिवशी खाचेतून निसटली होती. लिव्हर ओढत होते, खटका पडत होता, वरचा आकडा इमानदारीने पुढे जात होता आणि रोल आपल्या डबीत ढाराढूर झोपलेला. तो गुंडाळताना हात दोन-तीन फेऱ्यांतच मोकळा झाला होता, तेव्हा मला वाटलं होतं, काय छान गुळगुळीत मशीन आहे.

घरी येऊन सांगितलं. मंडई नाही, पर्वतीच्या पायऱ्या नाहीत, दात पडलेला नातू नाही.

"आणि मी?" सासूबाईंनी विचारलं.

"तुम्हीही नाही, आई."

त्या थोडा वेळ ती कोरी पट्टी खिडकीकडे धरून बघत राहिल्या. "म्हणजे कमूसारखंच," म्हणाल्या. मग पट्टी परत गुंडाळली, रबर लावलं. "जाऊ दे. ती साडीही जुनीच होती."

दुसरा रोल आणायला मी आठवडा घेतला. डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरून भरायला बसले, तशा सासूबाई चष्मा लावून शेजारी आल्या. मी जीभ खाचेत घातली. त्यांनी ती बाहेर काढली, तिचं टोक किंचित दुमडलं आणि परत घातली, सुईत दोरा ओवावा तशी. "आता ओढ." एक वेढा बसला. पाठ लावली. गुंडाळायची दांडी बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून त्यांनी ढील काढून घेतली.

"वरचं चाक काय, नुसतंही फिरतं," त्या म्हणाल्या. "बॉबिन फिरतेय की नाही ते बघायचं असतं."

त्यांनी डावीकडच्या बटणावर तर्जनी टेकवली. मी लिव्हर ओढली. बटण त्यांच्या बोटाखाली उलटं फिरलं, चांगलं अर्धा वेढा. त्यांनी मला परत ओढायला लावलं. परत फिरलं. आकडा एकवर आला.

मी लेन्सचं झाकण काढलं आणि कॅमेरा त्यांच्याकडे वळवला.

"थांब गं," त्या उठत म्हणाल्या. "साडी बदलून येते."