डबा क्र. 2: 85/25 गळलं, कन्हानच्या रेतीने धरलं

डबा क्र. 2 म्हणजे माझ्या अॅम्प्लिफायरचा पॉवर ट्रान्सफॉर्मर बिट्युमेनमध्ये (डांबरात) बुडवून बसवलेला पत्र्याचा डबा. नवतप्याच्या (मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांच्या) तिसऱ्या दिवशी तो गळला. खालच्या शिवणीतून आणि लीड्सच्या (बाहेर येणाऱ्या तारांच्या) ग्रोमेटमधून, म्हणजे भोकातल्या कडीतून, 85/25 ग्रेडच्या बिट्युमेनचा बोटभर लांब ओघळ रात्रभरात चेसिसवर उतरला होता. झाकण काढलं तर आतली पातळी 14 मिमी खाली, वाइंडिंगचा (तारेच्या गुंडाळीचा) वरचा काठ उघडा आणि गुणगुण परत सुरू. मार्चमध्ये भरला तेव्हा हाच डबा इतका शांत होता की पत्र्याला कान लावूनही 100 हर्ट्झचा सूर लागत नव्हता. त्यामुळे या वेळची नोंद जवळजवळ सगळी कंपाउंडवर, म्हणजे डब्यात ओतायच्या भरावावर आहे. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या इंटरलीव्हिंगचे (गुंडाळ्या आलटून-पालटून थरांत बसवण्याचे) आकडे पुढच्या खेपेला.

आधी तापमान, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. सकाळी 31 अंशाला प्रायमरीचा (लाइनला जोडलेल्या वाइंडिंगचा) रोध 12.4 ओहम. पूर्ण लोडवर पाच तास चालवून, प्लग काढल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत मोजला तर 15.1 ओहम. तांबं तापलं की रोध वाढतो; त्यासाठी 234.5 चा स्थिरांक धरून 15.1 भागिले 12.4 गुणिले 265.5 (31 अधिक 234.5), त्यातून 234.5 वजा केले की येतात 88.8 अंश. ही वाइंडिंगची सरासरी आहे, आतला सर्वांत गरम भाग याहून पाच-दहा अंश वर असणार. खोलीत 43 होते, म्हणजे वाढ 46 अंशांची. थंड प्रदेशातल्या पुस्तकात 25 अंशांची खोली धरलेली असते. तिथे हाच ट्रान्सफॉर्मर 71 वर थांबेल आणि कुठलंही कंपाउंड चालेल. ज्या नागपुरात 23 मे 2013 ला 47.9 नोंदलं गेलंय, तिथे हिशोब 48 पासूनच सुरू करायला हवा.

आता 85/25 बद्दल. ग्रेडच्या नावातला पहिला आकडा सॉफ्टनिंग पॉइंटचा (मऊ होण्याच्या तापमानाचा), दुसरा पेनिट्रेशनचा (सुई किती रुतते त्याचा), आणि दोन्ही आपापल्या पट्ट्यातले मधले आकडे. म्हणजे ठोकळा 80 ते 90 च्या दरम्यान मऊ व्हायला हवा. उरलेल्या तुकड्याची रिंग-अँड-बॉल चाचणी घेतली. घरी जमण्यासारखी आहे, प्रत्येकाने करावी. 15.9 मिमी आतला व्यास आणि 6.4 मिमी उंचीची पितळी रिंग लेथवाल्याकडून करून घ्या. छर्रा 3/8 इंची, वजन 3.5 ग्रॅम. सायकलचा चालणार नाही, तो लहान असतो. बेअरिंगच्या दुकानात मागा. रिंगमध्ये बिट्युमेन ओतून गार झाल्यावर गरम पात्याने सपाट कापायचं, वर छर्रा ठेवायचा, खाली 25 मिमीवर पट्टी, आणि बाहेरून मिनिटाला बरोबर 5 अंश चढवायचे. छर्रा ओघळत पट्टीला टेकला तो आकडा. 80 पर्यंत पाण्यात, त्यापुढच्या ग्रेडला ग्लिसरीनमध्ये. थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात तपासा. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंच आहे, त्यामुळे इथे पाणी 99 ला उकळतं. 100 दाखवणारा थर्मामीटर एक अंश खोटा आहे.

दोन रिंगांत आकडे आले 71 आणि 71.5.

शिक्क्यावर 85, प्रत्यक्षात 71. ठोकळ्यात रस्त्याचं व्हीजी-30 ग्रेडचं बिट्युमेन मिसळलेलं असावं. व्हीजी-30 चा सॉफ्टनिंग पॉइंट 47 च्या पुढे असला की ते मानकात बसतं, आणि दिसायला दोन्ही सारखीच काळी. फरक नखाने कळतो: व्हीजी-30 उन्हात नखाखाली दबतं, 85/25 वर नुसता ओरखडा उठतो. सुट्या ठोकळ्यावर विश्वास ठेवू नका. कारखान्याचं सील असलेलं पोतं मोठं पडतं, तरी चार जणांनी मिळून तेच घ्यावं.

पण ठोकळा खरा 85 चा असता तरी डबा गळलाच असता, फक्त आठवडाभर उशिरा. सॉफ्टनिंग पॉइंट म्हणजे वाहायला लागण्याचा बिंदू नव्हे. छर्ऱ्याच्या वजनाखाली काही मिनिटांत ओघळण्याचा तो आकडा आहे. स्वतःच्या वजनाखाली महिनाभर उभं असलेलं बिट्युमेन त्याच्या कितीतरी खालीच सरकू लागतं. म्हणून आता नियम ठरवला आहे: वाइंडिंगचा जो सरासरी आकडा येईल त्यावर किमान 25 अंश. 89 अधिक 25, म्हणजे 115/15.

इथून खरी डोकेदुखी. 115/15 नीट ओतण्यासाठी 190 ते 200 अंश लागतात. या तापमानाला पहिला बळी पीव्हीसी लीड्सचा, नरम होऊन तार बाहेर येते. शिवाय बिट्युमेनमधलं तेल पीव्हीसीतला प्लॅस्टिसायझर हळूहळू शोषून घेतं आणि वर्षभरात वायर काडीसारखी कडक होते, तेव्हा थंड ओतलं तरी पीव्हीसी नकोच. सगळे लीड्स सिलिकॉन वायरचे केले, वर फायबरग्लास स्लीव्ह. तारेवरचं इनॅमल 180 वर्गाचं (180 अंशांसाठीचं) आहे, त्याला अर्धा तास 190 सोसतं. ज्यांच्याकडे 130 वर्गाची तार आहे त्यांनी या वाटेला जाऊ नये, आधी रिवाइंड करावं. बॉबिन (तार गुंडाळायचा साचा) ग्लास-इपॉक्सीचं.

दुसरा त्रास आकसण्याचा, आणि याने तीन आठवडे खाल्ले. बिट्युमेनचं आकारमान दर अंशाला सुमारे दहा हजारांत सहा भाग बदलतं. 190 वरून 30 वर येताना 160 अंश, म्हणजे साडेनऊ टक्क्यांच्या वर. डब्याचं आतलं माप 100 × 86 × 90 मिमी, ट्रान्सफॉर्मर 28 मिमी जिभेचा (कोअरच्या, म्हणजे लोखंडी गाभ्याच्या, मधल्या दांड्याचा) आणि 40 मिमी स्टॅकचा (पत्र्यांच्या थप्पीचा), उरलेली जागा 450 मिली. त्यात 43 मिली पोकळी येणारच, प्रश्न एवढाच की ती कुठे येते. पहिल्या खेपेला डबा कूलरसमोर ठेवला होता. बाहेरून कवच आधी घट्ट झालं आणि आतलं बिट्युमेन आकसताना वाइंडिंगपासून सुटलं. वरून पृष्ठभाग आरशासारखा सपाट, पण तापवलेली सुई घातली तर 30 मिमीवर सुई मोकळी फिरते. त्या भोकातून रॉकेल सोडून मोजलं: 34 मिली मावलं. पोकळीत पत्रा-कोअर मोकळे, म्हणून गुणगुण. शिवाय कूलरची ओली हवा आत ओढली गेली ती वेगळीच. 500 व्होल्ट मेगरवर (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्रावर) प्रायमरी ते कोअर 200 मेगओहमवरून 15 वर आलं.

मग थरांनी ओतून पाहिलं, तीन थर, प्रत्येकी दोन तासांनी. पोकळी 12 मिलीवर आली, पण थरांच्या सांध्यात बारीक भेग पडली. पुढच्या थराने आधीच्या थराचा वरचा भाग पुन्हा वितळायला हवा, आणि 115/15 तेवढं वितळतच नाही.

उत्तर रस्त्यावर होतं. डांबरी रस्त्यात बिट्युमेन वजनाने जेमतेम पाच टक्के, बाकी सगळी गिट्टी आणि चुरी, तरी आपण डब्यात शंभर टक्के बिट्युमेन ओतत बसलो होतो. रेती भरली तर बिट्युमेन उरतं फक्त रेतीच्या पोकळ्यांपुरतं, म्हणजे 40 टक्के. आकसणं 43 मिलीवरून 17 वर. रेतीचे दाणे एकमेकांना टेकलेले असल्याने वाहण्याचा प्रश्नच मिटतो. आणि जो फायदा आधी लक्षात आला नव्हता तो सर्वांत मोठा निघाला: उष्णता. बिट्युमेनची उष्णतावाहकता 0.17 च्या आसपास, क्वार्ट्झ रेती भरलेल्या मिश्रणाची 1 च्या आसपास. दहा वॉटचा लॉस, 10 मिमी जाडीचा थर, 400 चौरस सेंमी पृष्ठभाग धरला तर नुसत्या बिट्युमेनमध्ये 15 अंश अडकतात, रेतीत अडीच.

कृती सविस्तर देत आहे, कारण यात घाई केली की अपघात होतो. कन्हान नदीची रेती घ्यावी, गोल दाण्याची आणि क्वार्ट्झ भरपूर असलेली. 2.36 मिमी चाळणीतून खाली आणि 1.18 वर राहिलेला भाग ठेवायचा. बारीक रेतीत 115/15 उतरत नाही. निवळ पाणी येईपर्यंत धुवायची. मग कागदात गुंडाळलेलं स्पीकरचं जुनं मॅग्नेट रेतीतून फिरवायचं. दर खेपेला काळ्या दाण्यांची मिशी चिकटून येते. ते लोहयुक्त दाणे वाइंडिंगजवळ नकोत. 700 ग्रॅम रेतीतून चहाचा चमचाभर निघाले. नंतर 150 अंशांवर दोन तास भट्टीत, मध्ये दोनदा ढवळून. ओलसर रेती गरम बिट्युमेनमध्ये टाकू नका. पाण्याची वाफ होताना ते सोळाशे पटीने फुगतं आणि 190 अंशांचा काळा फेस हातावर येतो. जाड चामडी हातमोजे, चेहऱ्यावर पूर्ण शील्ड, उघडं अंगण, शेजारी कोरड्या रेतीची बादली. पेटलं तर पाणी नाही, रेती.

ट्रान्सफॉर्मर आधी व्हार्निश करून भाजलेला हवा. 110 अंशांवर सहा तास ठेवून दर तासाला मेगर बघा. आकडा आधी खाली येतो, कारण ओलावा कागदातून सुटत असतो, मग चढतो आणि स्थिर होतो. स्थिर झाल्याशिवाय ओतायचं नाही. डबा 120 वर तापवलेला, नाहीतर पत्र्याला लागताच बिट्युमेन गोठतं.

185 ग्रॅम बिट्युमेन डब्यात जातं, पण भांड्याला चिकटतं म्हणून 300 ग्रॅम वितळवा, आणि 200 च्या वर नेऊ नका. तळाशी थोडं ओता, ट्रान्सफॉर्मर दोऱ्याने लटकवा, मग 160 अंशांची रेती चमच्याने चहूबाजूंनी, पुन्हा बिट्युमेन, पुन्हा रेती. बिट्युमेन कायम रेतीच्या वर दिसलं पाहिजे, उलट झालं की हवा कोंडते. सँडपेपर काढलेला ऑर्बिटल सँडर पत्र्याला लावला की रेती दिसेल इतकी खाली बसते आणि बुडबुडे भराभर वर येतात. याच्याइतकं उपयोगी हत्यार या कामात दुसरं नाही. लाकडी हातोडीने ठोकून याच्या निम्मंही बसत नाही.

थंड करायची पद्धत ओतारी मंडळींची. डबा जाड बिडाच्या प्लेटवर ठेवायचा आणि वर हीट गन मंद फिरवत राहायचं, म्हणजे तळ आधी घट्ट होतो आणि पोकळी शेवटी वर येते, जिथे भरता येते. 40 मिनिटांनी 9 मिली भरलं, दोन तासांनी 6. हिशोबाचे 17, भरले 15. सुई आता कुठेही मोकळी फिरत नाही.

निकाल: त्याच लोडवर, खोलीत 42 असताना, 14.6 ओहम. म्हणजे 78.1 अंश. वाढ 46 वरून 36. संध्याकाळी लाइन 248 व्होल्टवर जाते तेव्हाही गुणगुण नाही. पत्र्यावर बोटं ठेवली तर फक्त ऊब लागते. मेगर 200 च्या वर. बारा दिवस झाले, ग्रोमेट कोरडा आहे. गळलेल्या डब्यापुढे हे बारा दिवस फार मोलाचे वाटतात.

डबा क्र. 3 (चोक, म्हणजे कोअरवरची एकच वाइंडिंग) तेलात बुडवायचा बेत होता, तो रद्द. ट्रान्सफॉर्मर तेल थंड उत्तम करतं, पण लिटरभर तेल 60 अंशांच्या फरकात 45 मिली फुगतं, म्हणजे वर हवेची जागा आणि आत-बाहेर होणाऱ्या हवेतली ओल टिपायला सिलिका जेल आलंच. पावसाळ्यात निळं जेल गुलाबी झालं की कोण बघणार? आणि दिवाणखान्यात 140 अंशांच्या आसपास फ्लॅश पॉइंट (वाफ पेट घेण्याचं तापमान) असलेलं तेल ठेवण्याची गरज 600 व्होल्टसाठी मुळीच नाही. मात्र आणलेलं तेल वाया जाणार नाही: 80 अंशांचं तेल जुनं बिट्युमेन सुरेख विरघळवतं, डिझेलपेक्षा वास कमी आणि व्हार्निशला धक्का नाही. डबा क्र. 2 मधून मार्चचं बिट्युमेन त्यानेच काढलं. एक खबरदारी: जुन्या रेडिओचा डबा उघडताना डांबरगोळ्यांसारखा वास आला तर ते बिट्युमेन नसून कोळशाचं डांबर आहे. रॉकेलच्या बोळ्याने घासून बघा, बिट्युमेन लगेच तपकिरी उतरतं, कोळशाचं डांबर फारसं विरघळत नाही. ते कर्करोगकारक आहे, तापवू नका, तसंच बंद करून ठेवा.

चोकला रेती भरताना एक गोष्ट वेगळी: कोअरमधली हवेची फट. पुठ्ठ्याच्या जागी 0.25 मिमी ग्लास-इपॉक्सीचा तुकडा बसवून क्लॅम्प आवळायचा आणि सांध्यावर व्हार्निशचा हात द्यायचा, म्हणजे सँडरच्या कंपनाने फट हलणार नाही. इंडक्टन्स ओतण्याआधी 10.2 हेन्री आहे, ओतल्यावर पुन्हा मोजायचा. हे लिहिता लिहिता सुचलं की आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या डब्यालाही हीच रेती लावावी, म्हणून आणखी 2 किलो चाळून, भाजून, गरम असतानाच घट्ट झाकणाच्या डब्यात बंद केली आहे. मृग लागला की उघड्या रेतीत ओल शिरते, आणि मग सगळं पुन्हा भट्टीपासून.