आमची वाटचाल : ओल फुकटची, वारा विकतचा

बाहेरून आलेला माणूस आमच्या शेडमध्ये शिरला की आधी चष्मा पुसतो आणि मग म्हणतो, "इथे तर ऑर्किड आपोआपच येत असतील!" तसं वाटण्यात त्याची चूक नाही. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, ऐन थंडीतही रात्रीचा पारा १५ अंशांच्या खाली क्वचितच. युरोपात काचघर तापवून, पाणी फवारून जी ऊब आणि ओल तयार करावी लागते, ती कुडाळ तालुक्यात अंगणातच मिळते. पण दहा वर्षांच्या वर हा धंदा केल्यावर सांगते, आमचा पैसा ओल आणण्यात फारसा गेलाच नाही. गेला तो ती बाहेर काढण्यात.

२०१४ साली पावसाळा सरल्यावर आम्ही दोघांनी काजूच्या बागेला लागून असलेल्या दहा गुंठ्यांत सुरुवात केली. आंबा-काजूचं उत्पन्न वर्षातून एकदाच येतं, आणि मोहोर जळाला तर तेही येत नाही. बारा महिने थोडं थोडं विकता येईल असं काहीतरी हवं होतं. सासूबाईंनी पहिली रोपं हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, "हीं बांडगुळां विकत घेतलो कोण गो?" त्यांचं चुकलंही नव्हतं, फणसाच्या खोडावर फुकट वाढणाऱ्या वस्तूला पैसे मोजायची सवय कोकणात नाही. ऑर्किड बांडगुळासारखं दुसऱ्या झाडाचा रस शोषत नाही, नुसतं त्याच्या अंगावर बसतं, हे त्यांना फुलं आल्यावरच पटलं.

कोणतं ऑर्किड लावायचं हा पहिला प्रश्न, आणि निम्मा धंदा तिथेच ठरतो. सिक्कीम-दार्जिलिंगकडचं सिंबिडियम आमच्याकडे पानांचा झुपका करून बसेल, फूल देणार नाही, कारण त्याला थंड रात्री लागतात. मॉलमध्ये कुंडीत दिसणारं फॅलेनोप्सिस आमच्या उकाड्यात जोमाने वाढतं, पण फुलाचा दांडा काढायला त्याला काही आठवडे २५-२६ अंशांच्या खालचं तापमान हवं. भरवशाने, हव्या त्या महिन्यात ते द्यायचं तर एसी किंवा फॅन-पॅड लावून शेड गार करणं आलं. आमचं विजेचं बिल आणि इथला वीजपुरवठा पाहता तो विचार आम्ही प्रकल्प अहवाल लिहितानाच खोडला. उरलं डेंड्रोबियम. थायलंडमधल्या उष्ण, दमट हवेत वाढवलेली जात, तिला आमचं कोकण परकं नाही. सोनिया १७ हा जांभळा-पांढरा आणि एम्मा व्हाइट हा पांढरा, या दोन वाणांवर आम्ही पहिली लागवड केली. रोपं केरळातून आली. तिथे घराच्या गच्चीवर, परसात डेंड्रोबियम लावून संसाराला हातभार लावणाऱ्या कितीतरी बायका आहेत. त्यांच्या शेड पाहून आलो तेव्हा पुस्तकातलं बरंच काही मागे ठेवलं.

एकात्मिक फलोत्पादन अभियानातून शेडनेटला ५० टक्के अनुदान मिळतं. पण ते ठरवून दिलेल्या खर्चावर, आणि काम पूर्ण झाल्यावर. तोवरचा पैसा स्वतः उभा करायचा. बँकेचं नाव घेत नाही, पण तिथल्या साहेबांच्या संगणकात पिकांची यादी होती आणि त्या यादीत ऑर्किड नव्हतं. गुलाब होता, जरबेरा होता. "जरबेरा लिहू का?" असं त्यांनी अगदी प्रेमाने विचारलं. आम्ही नको म्हटलं, तेव्हा काजू बागेवर कर्ज झालं.

लागवडीला माती नाहीच. नारळाची सोडणं, लोणारी कोळसा आणि कौलांचे तुकडे. सोडणं गावात मुबलक, पण किनाऱ्याकडच्या नारळाच्या सोडणात मीठ आणि टॅनिनचा तांबडा राप असतो, म्हणून ती पाण्यात भिजत घालून, तांबडं पाणी दोन-तीनदा बदलून मगच वापरायची. शिवाय आमच्या पावसात सोडण दोन-तीन वर्षांत कुजून गाळ होतो आणि मुळं गुदमरतात. म्हणून आम्ही सोडणाचं प्रमाण हळूहळू कमी करत कौलांवर आलो. गावागावांत मंगलोरी कौलं उतरवून पत्रे, नाहीतर स्लॅब घालण्याची लाट होतीच. फुटकी कौलं लोक "न्या एकदाची" म्हणून देत. कौल भिजतं, लवकर वाळतं आणि कुजत नाही. तीन फूट उंचीच्या जीआय पाइपच्या बाकांवर कुंड्या, वर ५० टक्के सावलीची जाळी, तिच्याही वर पावसासाठी २०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद.

पाणी घालणं हे आमच्याकडे सर्वांत शेवटी शिकवलं जातं. ऑर्किडच्या मुळावर स्पंजासारखं पांढुरकं आवरण असतं. ते कोरडं असलं की चंदेरी दिसतं, पाणी प्यायलं की हिरवं होतं. नवीन आलेल्या बाईला आधी नुसतं हेच बघायला लावतो. मूळ चंदेरी दिसल्याशिवाय पाइप हातात घ्यायचा नाही. आणि पाणी सकाळीच. डेंड्रोबियमसारखी झाडं आपली रंध्रं मुख्यतः रात्री उघडतात आणि कार्बन डायऑक्साइड आत घेतात, दिवसा तोंड मिटून पाणी वाचवतात. संध्याकाळी पाणी घातलं तर ते कोवळ्या कोंबाच्या बेचक्यात रात्रभर साचून राहतं, आणि तिथूनच सड सुरू होते. खतही सकाळीच, आठवड्यातून एकदा आणि अगदी पातळ. जास्त खताने झाड लठ्ठ होतं, दांडा देत नाही.

फेब्रुवारी ते एप्रिल दुपारी हवा कोरडी पडते तेव्हा फॉगर चालतात, बाकांखाली पसरलेली चिऱ्यांची खडी भिजवून ठेवतो, आर्द्रता ७० टक्क्यांवर आणतो. ते सोपं. अवघड आहे जुलै. दहा-दहा दिवस ऊन नाही, आर्द्रतामापक ९५ च्या खाली उतरत नाही, आणि पानाच्या बुडाशी एक काळा, पाणचट डाग दिसतो. फायटोफ्थोरा. सुपारीवर कोळेरोग आणणाऱ्या बुरशीचीच ही भाऊबंद. वाडीतल्या जाणत्यांनी लगेच बोर्डो मिश्रण मारायला सांगितलं, सुपारीवर तेच चालतं. पण त्यातलं तांबं डेंड्रोबियमला बाधतं, पानं-कळ्या जळतात. आमचा इलाज वेगळा: डाग दिसला की कुंडी वेगळी, चार बोटं निरोगी भाग घेऊन छाट, पाणी बंद. कात्री प्रत्येक झाडानंतर ज्योतीवर धरायची, कारण विषाणू कात्रीवरूनच एका झाडाचा दुसऱ्याला लागतो आणि विषाणूवर औषध नाही. खरा इलाज मात्र वारा. बाजूचे पडदे वर गुंडाळलेले, छपराला उघडी खिडकी, आणि पावसाळ्यात दिवसरात्र फिरणारे पंखे. बाहेर वारं पडलेलं असतानाही पान किंचित हललं पाहिजे, हे आमचं माप. इन्व्हर्टर घेतला तो या पंख्यांसाठी. घरात तेव्हा मेणबत्तीच होती.

गोगलगायींबद्दल फार लिहीत नाही. रात्री बॅटरी घेऊन फिरतो, वेचतो. कोवळ्या मुळांची टोकं त्यांना फार आवडतात.

पहिली विक्री कापलेल्या फुलांची. दांड्यावरची साधारण तीन चतुर्थांश फुलं उमलली की कापायचा. आधी कापला तर उरलेल्या कळ्या उमलत नाहीत, गळून जातात. प्रत्येक दांड्याच्या बुडाला पाण्याची छोटी नळी, दहाची जुडी, खोका, आणि रात्रीच्या गाडीने दादरची फूल मंडई किंवा म्हापसा. पहिल्याच खेपेला दादरच्या व्यापाऱ्यांनी सांगितलं, "वहिनी, माल झकास, पण लांबी कमी." त्यांच्या गाळ्यात बँकॉकहून विमानाने आलेला माल शेजारीच उभा होता. त्याच्यापुढे आमचा दांडा वीतभर आखूड. लांबी पुढे वाढली, पण थाई मालाशी भावात बरोबरी कधी झाली नाही. आमचा माल खपला तो ताजेपणावर. कापल्यापासून दुसऱ्या सकाळी तो मंडपात असायचा.

वाहतुकीचीही एक गंमत आहे. मे महिन्यात कोकणातून मुंबईला सर्वांत स्वस्त आणि रोज जाणारं वाहन म्हणजे आंब्याचा टेम्पो. आम्ही त्यात एकही खोका घातला नाही. पिकणारा हापूस इथिलीन सोडतो आणि त्या वायूने ऑर्किडच्या कळ्या गळतात, फुलं मिटतात. तसंच शीतगृहाचं. गुलाब २ ते ४ अंशांवर सुखाने राहतो, डेंड्रोबियमला १० अंशांच्या खाली थंडी बाधते, पाकळ्या पाणचट होतात. गुलाबाशेजारी आमची जुडी ठेवू नका, हे खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहावं लागलं. तरी एका गाळ्यावर ती ठेवली गेलीच आणि वर आम्हालाच ऐकवलं गेलं की माल शिळा होता.

पण सगळ्यात मोठा घोळ पंचांगाचा. आमच्याकडे डेंड्रोबियम फुलतं बारा महिने, मात्र बहर येतो पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच. म्हणजे ऐन चातुर्मासात. गणपतीचे दिवस सोडले तर तेव्हा मागणी नाही, पितृपक्षात तर जुडी कोणी विचारत नाही. आणि एप्रिल-मेमध्ये लग्नं दणक्यात असतात तेव्हा उन्हाने दांडे कमी. २०१८ साली १६ मेपासून अधिक ज्येष्ठ आला, म्हणजे होती ती लग्नसराईही आखडली. खतात बदल करून, वाणांची निवड करून आम्ही बहर थोडा सरकवला, पण झाडाला मुहूर्त समजावता येत नाही. त्या वर्षी हिशेबाच्या वहीवर आम्ही दोघं बराच वेळ बसलो, आणि पहिल्यांदा फुलाऐवजी झाड विकण्याचं बोलणं निघालं. फूल दहा-पंधरा दिवसांत विकलं नाही तर संपलं. झाड थांबतं.

बोलणं निघालं, तरी झालं काही नाही, कारण व्यापारी हाताशी होते. २०२० च्या मार्चमध्ये लग्नं बंद, गाड्या बंद, मंडई बंद झाली तेव्हा पर्याय उरला नाही. उमललेले दांडे आम्ही कापून खतखड्ड्यात टाकले. झाडावर ठेवले असते तर त्याची ताकद फुकट गेली असती. पुढच्या काही महिन्यांत घरात अडकलेल्या लोकांना गॅलरीतल्या कुंड्या आठवल्या. मुंबईतल्या एका ओळखीच्या ताईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर आमच्या शेडचा फोटो पुढे पाठवला, आणि फोन सुरू झाले. इथे ऑर्किडची प्रकृतीच कामाला आली. मातीतलं झाड मुळं उघडी करून चार-पाच दिवस खोक्यात ठेवलं तर संपतं. डेंड्रोबियमच्या जाड कांड्यांत पाण्याचा साठा असतो, मुळं हवेतच राहायला सरावलेली. कुंडीतून काढून, मुळं सुकवून, कागदात गुंडाळून स्पीड पोस्टने पाठवलं की पोचतं. वजन कमी, म्हणून खर्चही कमी.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. हवामान खात्याचा इशारा आधीच होता, त्यामुळे जाळी आणि कागद उतरवून ठेवले होते आणि सांगाडा वाचला. छपराची एक बाजू मात्र माडाखाली गेली, आणि वीज बरेच दिवस नव्हती. वादळापेक्षा त्यानंतरच्या उन्हाने जास्त त्रास दिला, कारण सावलीत वाढलेली पानं उघड्या उन्हात तासा-दोन तासांत भाजतात. वाडीतल्या बायकांनी पडलेल्या माडांची चुडतं ओढून आणली आणि सांगाड्यावर अंथरली. जाळी पुन्हा चढेपर्यंत चुडतांच्याच सावलीत झाडं तगली. त्या सगळ्या आजही कामाला आहेत. फुलाची पारख आता त्यांच्याइतकी मला नाही.

आता विक्रीत झाडं जास्त, फुलं कमी. वांडा हा ऑर्किडचा आणखी एक प्रकारही घेतो, लाकडी टोपलीत टांगलेला, मुळं मोकळी सोडलेला. ठाण्या-मुंबईच्या दमट गॅलरीत तो खूश असतो. पुण्याच्या गिऱ्हाइकाला तो देताना मी दोनदा विचार करते, तिथल्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी त्याला रोज दोन-तीनदा पाणी कोण देणार? झाड देण्याआधी गॅलरी कोणत्या दिशेला आहे हे विचारतो. उत्तरेकडे असेल आणि समोर इमारत असेल तर डेंड्रोबियम नको म्हणून सांगतो. काही लोक रागावतात. त्यांना पैसे द्यायचे असतात आणि आम्ही घेत नाही, याचा तो राग.

एका गोष्टीला मात्र ठाम नकार आहे. आंबोलीकडून आलेले पर्यटक दरवर्षी मे-जूनमध्ये सीतेची वेणी मागतात. झाडावरून लोंबणारा तो फुलांचा गुलाबी-पांढरा गजरा पाहून मन जाणारच. पण जंगलातलं झाड ओरबाडून आणलेलं आम्ही विकत नाही आणि घेतही नाही. ऑर्किडचं सगळं कुळच आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या 'साइटिस' कराराखाली आहे, आणि राखीव वनातून झाड काढणं हा गुन्हा आहे. त्यापलीकडे व्यवहाराचीही बाजू आहे: फांदीवरून ओढून काढताना मुळं तुटतात, झाड बहुधा गॅलरीत मरतं. बियांपासून वाढवायचं तर ऑर्किडच्या बीला स्वतःची शिदोरीच नसते; रानात ती बुरशीच्या आधाराने रुजते, नाहीतर प्रयोगशाळेत बाटलीतल्या साखरयुक्त माध्यमावर. १९२२ साली अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नडसन यांनी ते करून दाखवलं. तशी बाटलीतली रोपं मिळाली तर कुंडीत सरावून देण्याचं काम आम्ही करू. प्रयोगशाळा घालणं आमच्या आवाक्यातलं नाही.

एक एकर का करत नाही, असं पाहुणे विचारतात. करणार नाही. प्रत्येक कुंडी हातात घेऊन बघण्याचा धंदा आहे, आणि बघणारे हात मोजके आहेत. शेजारी पाच गुंठ्यांची दुसरी शेड मात्र उभी राहते आहे. तिची उंची पहिलीपेक्षा मीटरभर जास्त ठेवली आहे, गरम हवेला वर जाऊन बाहेर पडायला जागा हवी म्हणून, आणि लोखंडाचा खर्च त्यानेच फुगला. कर्जासाठी पुन्हा त्याच बँकेत गेलो होतो. साहेब बदललेत, यादी तीच आहे. या वेळी 'इतर पिके' असा रकाना निघाला आणि त्यात ऑर्किड बसलं.