क्लासिकल थिअरीची यादी नक्की केली कुणी?

समाजशास्त्राचं कुठलंही टेक्स्टबुक उघडा, क्लासिकल थिअरी, म्हणजे विषयाच्या पहिल्या विचारवंतांची मांडणी, म्हणून सुरुवातीला थोडा कॉम्त, थोडा स्पेन्सर आणि मग मार्क्स, डरखाईम, वेबर ही तीन नावं ओळीने येतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं की या मंडळींनी एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून हा विषय उभा केला. तसं काही झालेलं नाहीये. मार्क्स १८८३ मध्ये गेला तेव्हा डरखाईम चोवीस वर्षांचा होता, वेबर अठराचा. मार्क्सने स्वतःला समाजशास्त्रज्ञ कधी म्हणवून घेतलं नाही. आणि डरखाईम-वेबर तर एकाच काळात, फ्रान्स आणि जर्मनी अशा शेजारशेजारच्या देशांत काम करत होते, दोघंही धर्मावर लिहीत होते, तरी एकमेकांच्या लिखाणाची जवळजवळ दखलच घेत नाहीत. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण ही यादी नंतर ठरलीय हे कळलं की आपण थिअरी वेगळ्या नजरेने वाचायला लागतो.

सुरुवात सगळ्यांची एकाच धक्क्यातून आहे. फ्रेंच राज्यक्रांतीने जुनी घडी मोडली, कारखान्यांनी माणसं गावातून उचलून शहरात आणली, मग आता समाजाला धरून काय ठेवणार? कॉम्तचं उत्तर होतं विज्ञान. माणसाचा विचार धार्मिक, मग तात्त्विक आणि शेवटी वैज्ञानिक अशा तीन अवस्थांतून जातो, हा त्याचा नियम सगळ्यांनी पाठ केलेला असतो, तो आज तितका टिकत नाही. त्याच कॉम्तचे सहा जाडजूड खंड आटोपशीर करून १८५३ मध्ये इंग्रजीत आणले हॅरिएट मार्टिन्यू या इंग्रज लेखिकेने, पण तिची ओळख तेवढीच करून देतात हे मला खटकतं. कारण तिने १८३८ मध्येच, म्हणजे डरखाईमच्या जन्माच्याही वीस वर्षं आधी, परक्या समाजाचं निरीक्षण कसं करावं यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. लोक काय बोलतात त्यावरच विसंबू नका, त्यांच्या संस्था बघा, तुरुंग बघा, स्मशानातले शिलालेख वाचा, असं ती सांगते. आजही फील्डवर्कला निघणाऱ्याने आधी हे वाचावं.

आता डरखाईम. त्याचं १८९७ चं आत्महत्येवरचं पुस्तक मी परत परत उघडते. विषय इतका खाजगी की त्याची उत्तरं माणसाच्या मनातच सापडतील असं कुणालाही वाटेल, आणि हा माणूस म्हणतो, थांबा, दर बघा. कुठल्या समाजात किती, हे प्रमाण वर्षानुवर्षं फारसं हलत नाही, प्रोटेस्टंटांमध्ये कॅथलिकांपेक्षा जास्त, अविवाहितांमध्ये विवाहितांपेक्षा जास्त, मंदीत वाढतं हे समजू शकतो पण अचानक आलेल्या भरभराटीतही वाढतं! म्हणजे गरिबी हे कारण पुरत नाही, तर माणसाच्या इच्छांना मर्यादा घालणारे नियम सैल होणं, ज्याला तो ॲनॉमी म्हणतो, ते बघावं लागतं. या पुस्तकासाठी आत्महत्यांच्या जवळपास २६,००० नोंदी त्याचा भाचा मार्सेल मॉस याने हाताने वर्गीकरण करून दिल्या. आणि त्या नोंदी न्यायखात्यात बघायला मिळाल्या त्या गाब्रिएल तार्दमुळे, म्हणजे ज्याच्या अनुकरणाच्या थिअरीवर (माणसं एकमेकांचं बघून वागतात, या मांडणीवर) याच पुस्तकात डरखाईम तुटून पडतो त्याच्यामुळे. प्रस्तावनेत त्याने तार्दचे आभार मानलेत. वाद घालावा तर असा.

वेबर उलट्या टोकाने येतो. दर, नियम वगैरे ठीक, पण करणाऱ्याला आपल्या कृतीचा अर्थ काय वाटतो ते समजल्याशिवाय त्याचं समाधान होत नाही. कॅल्व्हिनवादी, म्हणजे प्रोटेस्टंटांमधल्या एका कडक पंथाच्या, माणसाला मोक्ष मिळणार की नाही हे देवाने आधीच ठरवलेलं, मग ती धाकधूक तो शिस्तीने राबून, पैसा उधळायचा नाही, परत धंद्यात घालायचा, अशा रीतीने शमवतो, हा भांडवलशाहीमागच्या वृत्तीबद्दलचा त्याचा १९०४-०५ चा युक्तिवाद. यावर भांडणं अजून चालू आहेत.

मग यादी कुणी केली? मोठा वाटा टालकॉट पार्सन्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा. १९३७ च्या त्याच्या ग्रंथाची सुरुवातच 'आज स्पेन्सर कोण वाचतो?' या एका इतिहासकाराकडून घेतलेल्या प्रश्नाने होते, आणि मग तो मार्शल आणि परेटो हे अर्थशास्त्रज्ञ, शिवाय डरखाईम, वेबर असे चौघं घेऊन दाखवतो की सगळे एकाच थिअरीकडे चाललेत. मार्क्सला तिथे मानाची जागा नाही, जर्मन समाजशास्त्रज्ञ झिमेल बाजूलाच राहतो, खरं तर शिकागोच्या समाजशास्त्रज्ञांवर झिमेलचा केवढा प्रभाव होता. मार्क्स आत आला साठच्या दशकानंतर, आणि १९७१ मध्ये ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ गिडन्सने मार्क्स-डरखाईम-वेबर असं एकत्र पुस्तक लिहिलं तोवर मार्शल आणि परेटो मागे पडले होते. म्हणजे प्रत्येक पिढीने आपल्या भांडणासाठी लागतील ते पूर्वज निवडले.

आणि यात सगळ्यात मोठा अन्याय झाला तो डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या काळ्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञावर. डरखाईम नोंदींवर काम करत होता त्याच सुमारास, १८९६ मध्ये, हा फिलाडेल्फियाच्या सेव्हन्थ वॉर्ड या काळ्या लोकांच्या वस्तीत बायकोसोबत एका खोलीत राहायला गेला आणि प्रश्नावल्या घेऊन स्वतः घरोघरी फिरला. कोण कुठून आलं, काय काम करतं, भाडं किती, शिक्षण किती. १८९९ च्या पुस्तकात त्याने दाखवलं की काळ्या लोकांच्या गरिबीची आणि गुन्हेगारीची मुळं वंशात नाहीत, गुलामगिरीच्या इतिहासात आणि चांगल्या कामांची दारं बंद असण्यात आहेत. तेव्हाच्या अमेरिकेत हे आकड्यांनिशी मांडणं सोपं नव्हतं. हे सर्वेक्षण करवून घेणाऱ्या पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीने त्याला कामाला लावलं पण शिकवायला वर्ग दिला नाही. वेबरला मात्र त्याची किंमत कळली होती, त्याने डू बॉइसकडून लेख मागून घेतला आणि १९०६ मध्ये आपल्या जर्मन नियतकालिकात छापला.

तर कुणी आता क्लासिकल थिअरी वाचायला घेत असेल तर माझं सांगणं, डरखाईमचं १८९७ चं आणि डू बॉइसचं १८९९ चं ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचा, आधी दोन्हींमधले तक्ते बघा, मग मजकुराकडे वळा.