काळ्या पिल्लाने वही चुकवली

मागच्या नोंदीत तिरंगी भाटीच्या (मादी मांजराच्या) चार पिल्लांचा बाप कोण, हा हिशेब अडला होता. तो अखेर सुटला, आणि चूक माझीच निघाली.

पहिल्या आठवड्यात मी वहीत लिहिलं होतं: एक नारिंगी बोका, एक नारिंगी भाटी, एक तिरंगी भाटी, एक काळी भाटी. बाप कुणी पाहिलेला नाही, म्हणून पिल्लांच्या रंगावरून तो शोधायचं ठरवलं. नारिंगीचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. बोक्याला एक्स एकच, तोही आईकडचा. त्यामुळे बापाच्या या रंगाबद्दल मुलगे चकार शब्द काढत नाहीत. बोलतात त्या मुली. पूर्ण नारिंगी भाटीला दोन्ही एक्स नारिंगी लागतात, म्हणजे तिचा बाप नारिंगीच. पण मुलीला बापाचा एकुलता एक्स मिळतोच, म्हणून अशा बापाला काळी मुलगी व्हायची नाही. मग एकाच वेतात दोन बाप? मांजरांत हे घडतं. ही पळवाट सापडली म्हणून मी खूशही झालो.

चौथ्या आठवड्यात पिल्लांची शेपटी उचलून पुन्हा पाहिलं. नरात दोन ठिपके विसर्गासारखे, मध्ये जागा सोडून. मादीत ते जवळजवळ, खालचा चिरेसारखा लांबट. काळ्याला स्वच्छ विसर्ग, म्हणजे तो बोका! दुसरा बाप खोडला. (तो नव्हताच असं सिद्ध झालं नाही, पण आता त्याच्यावाचून अडत नाही.) पहिल्या दिवसांत नर-मादी लिहायचीच तर पेन्सिलने लिहा.

तिरंगी पिल्लाचे चट्टे आईपेक्षा अगदी वेगळे आहेत. ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडलं, की मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गर्भातच बंद पडतो. कुठला, ते नशिबावर. ज्या पेशीत नारिंगी एक्स चालू, तिच्या वंशात नारिंगी केस. म्हणून हुबेहूब नक्कल करूनही चट्टे जुळत नाहीत. डिसेंबर २००१ मध्ये टेक्सासात जन्मलेली पहिली क्लोन मांजर ‘सीसी’ तिरंगी भाटीच्या पेशीपासून केलेली, पण तिच्या अंगावर नारिंगीचा मागमूस नव्हता. पांढऱ्याचा जनुक वेगळा. तो असला की रंगपेशी कमी पसरतात आणि उरलेले चट्टे मोठे होतात.

नारिंगीमागचा नेमका बदल मात्र २०२५ मध्येच छापून आला: एआरएचजीएपी३६ या जनुकापाशी डीएनएची सुमारे ५,१०० अक्षरं गळालेली. जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांना तो स्वतंत्रपणे सापडला.

आता नारिंगी बोका. त्याच्या अंगावर पट्टे आहेत, पण त्यावरून तो मुळात पट्टेरी की एकरंगी ते ठरत नाही. एकरंगीपणाचा जनुक नारिंगी केसांवर चालतच नाही, त्यामुळे पट्टे राहतातच. काळ्याच्याही अंगावर उन्हात पुसट पट्टे दिसतात. वाढताना ते जातात का, यासाठी दर रविवारी त्याच खिडकीत फोटो काढतोय. बसून राहील तर शपथ.